वैशाखातला साग

पुस्तक उघडण्याआधी कपाळाला लावणारी माणसं मला आयुष्यात कधीच आवडली नाहीत, आणि आमच्या घरात तर असा माणूस रोज जेवायला बसायचा. माझे बाबा. आलापल्लीच्या लाकूड डेपोत ते कारकून होते. सकाळी आरागिरणीचा भोंगा झाला की छत्री घेऊन निघायचे आणि संध्याकाळी परत आले की हातपाय धुऊन ती कादंबरी घ्यायचे. तिला खाकी कागदाचं कव्हर घातलेलं, वर कुंकवाचं बोट टेकवलेलं. आमच्याच मुलखातल्या एका गोंड राजाच्या किल्ल्यावर कुणा लेखकाने दूर शहरात बसून लिहिलेली ती जाडजूड ऐतिहासिक कादंबरी. तिचं नाव मी इथे देणार नाही. अजून तिच्या आवृत्त्या निघतात, माझ्यामुळे आणखी एक प्रत खपायला नको. अवघ्या महाराष्ट्राने तिच्यावर अश्रू ढाळले म्हणतात. आमच्या घरापुरते ते बाबांनी ढाळले, तेही ठरलेल्या पानावर, ठरलेल्या ओळीला, उपरण्याचं टोक आधीच हातात धरून. आपल्या भागावर एवढा मोठा ग्रंथ लिहिला गेला याचंच त्यांना केवढं कौतुक! स्वतः जंगलाच्या खात्यात अठरा वर्षं नोकरी केली, पण जीपमधून उतरून झाडाखाली गेलेला हा माणूस मी पाहिला नाही. त्यांचं जंगल रजिस्टरात होतं, नाहीतर त्या कादंबरीत.

गोष्ट थोडक्यात सांगते, कारण पुढे ती लागणार आहे. राजा शूर, राणी सुंदर, प्रधानजी स्वामिनिष्ठ. शत्रू कित्येक महिने वेढा घालून बसलेला, आणि किल्ला काही पडत नाही. मग झुरू नावाचा एक गोंड गुराखी फितूर होतो आणि वैशाखातल्या एका पहाटे शत्रूच्या पाच हजार सैनिकांना सागाच्या रानातून आडवाटेने किल्ल्याच्या मागच्या दारापाशी आणतो. सागाच्या गर्द पानांनी सैन्य झाकलेलं, पावलांचा आवाज नाही, पानही हललं नाही. प्रधानजी त्या वेळी बुरुजावर पहाऱ्याला असतात, पण उगवतीकडे तोंड करून ध्यानस्थ उभे. किल्ला पडतो. प्रधानजी लढता लढता देह ठेवतात, आणि बाबांचं उपरणं डोळ्यांकडे जातं.

आईची तऱ्हा वेगळी. ती वरोऱ्याची, कापसाच्या गाठी मोजणाऱ्या घरातली, तिला आमचं ते जंगलच मुळात पसंत नव्हतं. स्वयंपाक करता करता ती बाबांचं वाचन ऐकायची आणि मधूनच पोळपाटावर लाटणं आपटायची. राणी तीन दिवस निर्जळी उपास करून घोड्यावर बसते, तिथे तर तिचा तोल सुटायचा. "मी एक चतुर्थी केली तं दुपारी डोये फिरते माहे," ती म्हणायची, "अन् हे बाई तीन दिवस उपाशी, अन् तलवार चालवून राह्यली! अन् त्या एवढ्या सैन्याचा भात कोनं शिजवला म्हणते मी? हजारो मानसं, कुठी एक चूल नाई पेटली पुस्तकात!" बाबा दुखावून पुस्तक मिटायचे. मग जवसाची चटणी आणि वरणभात वाढला जाई. आज मला वाटतं, आमच्या घरातलं समीक्षेचं काम आईनेच नीट केलं, पण तिला ते लाटणं सोडून कुणी काही दिलं नाही.

तिसरे वाचक आमचे मराठीचे मास्तर. त्यांनी शाळेच्या प्रतीत लाल पेन्सिलीने इतक्या खुणा केल्या होत्या की पान गोवर आल्यासारखं दिसायचं. उपमा, अनुप्रास, वीररस, सगळं समासात नोंदवलेलं. गोष्टीत कोण मेलं, कोण जगलं, याच्याशी त्या भल्या गृहस्थाला कर्तव्य नव्हतं. एकच गोष्ट त्यांनी त्या कादंबरीतून खऱ्या आयुष्यात आणली. वर्गात खडू हरवला, कुणाचा डबा गेला, की मागच्या बाकाकडे बघून हसत म्हणायचे, "विचारा बरं त्या झुरूंना." मागच्या बाकावर जंगलातल्या पाड्यांवरून येणारी गोंड मुलं बसत. मास्तरांचा विनोद सगळ्या शाळेने उचलला. मुलं त्यांना नावाने हाक मारीनाशी झाली. ए झुरू, इकडे ये. ए झुरू, पेन दे. मीही मारली असेल हाक. असेल काय, मारलीच.

त्याच बाकावर जानो बसायची. माझ्याच वयाची, दात थोडे पुढे, आणि गणितात माझ्या दहा पावलं पुढे. तिची आणि माझी गट्टी जमली ती टेंभरांवरून, म्हणजे तेंदूच्या फळांवरून. तिच्या आजीने पिकलेली टेंभरं पानात बांधून दिलेली असत आणि मी डब्यातली पोळी देऊन ती खायची. आई ओरडायची, घसा धरते म्हणून. आम्ही दोघी दहावीला बसलो, त्या वर्षी चंद्रपूरच्या कुणा व्यापाऱ्यांच्या मंडळाने जाहीर केलं, की याच कादंबरीवर दहावीच्या मुलींची भाषणाची स्पर्धा होईल आणि पहिल्या येणाऱ्या मुलीचं चंद्रपुरातलं कॉलेज आणि वसतिगृह दोन वर्षं फुकट. जानोला त्याशिवाय पुढे शिकायला रस्ता नव्हता, हे उघड होतं. मलाही नव्हता, हे कुणाला ठाऊक नव्हतं. बाबांनी वरोऱ्याच्या जिनिंगमधला एक मुलगा बघून ठेवलेला होता. मुलगा सुस्वभावी आहे, असं आई सांगायची, आणि सांगताना माझ्याकडे बघायची नाही.

उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम लागला. आमच्या क्वार्टरच्या मागे मोठं मोहाचं झाड होतं, त्याच्या सावलीत जानोच्या पाड्यावरच्या बायका पहाटे तोडलेली पानं घेऊन बसायच्या आणि पुडके बांधायच्या. एका पुडक्यात सत्तर पानं, उलटसुलट लावून, वर सालीची दोरी आवळून. संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या ठिकाणी, ठेकेदाराच्या मुन्शीसमोर मांडायचे. पान कमी भरलं की मुन्शी पुडका फेकून द्यायचा. जानोला स्पर्धेची तयारी करायची होती आणि हात तर मोकळे नव्हते, म्हणून मी मोठ्याने वाचायचं आणि तिने पानं लावत ऐकायचं असं ठरलं. मग बाकीच्या बायकाही ऐकायला लागल्या. आणि काय सांगू, मराठी साहित्याची अशी परीक्षा मी पुन्हा कुठे पाहिली नाही! राणीच्या दागिन्यांचं वर्णन आलं की प्रत्येक पुडका बरोब्बर सत्तरचा. प्रधानजींचं धर्मावरचं भाषण आलं, की सत्तर, आणि एखादी जांभई. पण किल्ल्यातल्या दाईने तान्हं लेकरू टोपल्यात घालून वरून भाजी झाकून बाहेर काढलं, त्या दिवशी एकीचाही हिशेब लागला नाही. कुणाची ऐंशी पानं, कुणाची साठ. मुन्शीने अर्धे पुडके उलगडले आणि तो बोंबलतच आमच्या दारात आला. "बाई, तुमच्या पोरीले सांगा, हे पुस्तक बंद कर म्हना," तो आईला म्हणाला. आईने त्याला ताक दिलं आणि पुस्तक चालू राहिलं. पुढे मोठमोठ्या समीक्षकांचे ग्रंथ वाचले, शिकवलेही. दाईचं ते पान एकानेही नमूद केलेलं नाही.

जानोची आजी सोनाबाई या सगळ्यांत म्हातारी. ती ऐकते आहे की नाही ते कळायचं नाही. बोटं चालू, डोळे पानांवर. ज्या दुपारी मी फितुरीचं प्रकरण वाचलं, त्या दुपारी जानो खाली मान घालून बसली होती. झुरूचं नाव आलं की तिचे कान लाल व्हायचे. मला घाई करून ते पान संपवायचं होतं. तेवढ्यात सोनाबाईने बोट वर केलं.

"कोन्या महिन्यात आलं म्हन्ते थे सैन्य?"

"वैशाखात, आजी."

"सागाच्या रानातून?"

"हो."

म्हातारी हसायलाच लागली. हसता हसता तिला ठसका लागला, एकीने तिच्या पाठीवर थापट्या मारल्या. बाकीच्या बायकाही तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि मी मूर्खासारखी पुस्तक हातात धरून उभी. क्वार्टरच्या कुंपणापलीकडे साग होता, डोळ्यासमोर. एकाही झाडावर पान नव्हतं. सगळी पानं खाली, सुपाएवढी, वाळून कडक झालेली. शेळी गेली तरी घरात ऐकू यायची.

"वैशाखात सागाखालून घोरपड गेली तरी आमचं कुत्रं उठून बसते," सोनाबाई डोळे पुसत म्हणाली. "पाच हजार मानसं गेले, अन् किल्ल्यातल्या कोनाले आयकू नाई आलं? सारे मेले होते का?" मग हातातलं पान तिने बाजूला ठेवलं. "नाई. आयकू आलं असन. कोनीतरी आयकलं अन् चूप राह्यला. पहाऱ्याले कोन होता?"

मी पानं उलटली. मला ते पाठच होतं, तरी उलटली. "प्रधानजी."

"तं मंग," सोनाबाई म्हणाली आणि तिने पान पुन्हा उचलून मोजायला सुरुवात केली.

जानोने वर पाहिलं तेव्हाचा तिचा चेहरा मला अजून दिसतो. पाच वर्षं तिला झुरू म्हणून हाका मारल्या होत्या, आणि आज एका अडाणी म्हातारीने पानं मोजता मोजता झुरूला निर्दोष सोडलं होतं. "मी हेच बोलीन," ती मला म्हणाली. "स्पर्धेत हेच सांगीन. बोलू ना वं, कुंदा?" मी म्हटलं, बोल. मनापासून म्हटलं. तोवर मला खरंच आनंद झाला होता.

स्पर्धा मृगाच्या चार दिवस आधी झाली. बाबा, मास्तर, जानो आणि मी एसटीने चंद्रपूरला गेलो. जानोने माझ्या निळ्या रिबिनी बांधल्या होत्या. वाटेत मैलोन् मैल नागडा साग, आणि मास्तर खिडकीशी बसून मला त्या प्रकरणातलं गर्द पानांचं वर्णन पाठ म्हणायला लावत होते! परीक्षक बाहेरून आलेले प्राध्यापक होते, गोरेपान, आवाज तुपात तळलेला. आदल्या दिवशी मंडळाने त्यांना जीपने मार्कंड्याच्या देवळाला नेऊन आणलं होतं. म्हणजे तोच बोडका साग त्यांच्याही दोन्ही बाजूंनी गेला असणार. गृहस्थ झोपले असतील, नाहीतर मनात कादंबरीच आठवत असतील. दोन्हीत मला फरक वाटत नाही.

जानो माझ्या आधी बोलली.  मास्तरांनी घोटून घेतलेल्या शुद्ध मराठीत म्हणाली, "झुरू फितूर नव्हता." सभागृहात खसखस पिकली. तिने वैशाख सांगितला, पानगळ सांगितली, वाळलेल्या पानांचा आवाज सांगितला. "एवढा आवाज प्रधानजीले आयकू..." जीभ घसरली, आणि हशा झाला. ती थांबली, पुन्हा तेच वाक्य शुद्ध करून म्हणाली आणि पूर्ण केलं. मी आजवर हजारो विद्यार्थ्यांची भाषणं ऐकली. त्या वाक्यासारखं सरळ वाक्य मला कुणाकडून ऐकायला मिळालं नाही.

प्राध्यापक मायेने हसले. त्या हसण्याला अजून माझा हात शिवशिवतो. "मुली, तू कादंबरी वाचलीस की झाडं मोजलीस?" पुन्हा हशा. "अगं, स्वामिनिष्ठेच्या मेरुमण्याला तू फितूर ठरवतेस, तेही पाचोळ्याच्या साक्षीवर?" मग त्यांनी हातातला कागद पाहिला. "पुढची मुलगी वनखात्यातल्या गृहस्थांची कन्या दिसते. तिलाच विचारू. ये बाळ. तू सांग, वैशाखात सागाला पानं असतात ना?"

मी उभी राहिले. जानो अजून व्यासपीठावरच होती, माझ्याकडे बघून हसली. तिला शंकाही नव्हती. मी नाही म्हटलं की झुरू सुटत होता, जानो पहिली येत होती, आणि मी वरोऱ्याला जिनिंगच्या मागच्या दोन खोल्यांत भाकरी थापायला जात होते. हे सगळं मला त्या वेळी स्वच्छ कळत होतं. गोंधळले, घाबरले, असं काही नाही. तसं सांगणारी माणसं आत्मचरित्रात फार असतात.

"असतात, सर," मी म्हणाले. "गर्द असतात."

गर्द हा शब्द मला कुणी विचारला नव्हता. तो मी पदरचा घातला.

पहिल्या रांगेत बाबा बसले होते. वनखात्याच्या कारकुनाने आपल्या चपलांकडे पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं, आणि मग दोघांनी टाळ्या वाजवल्या. सागाला वैशाखात पानं मंजूर झाली. परतीच्या एसटीत जानो मागच्या बाकावर बसली. उतरताना तिने रिबिनी सोडून घडी करून माझ्या हातात दिल्या.  दुसऱ्या दिवशीपासून मोहाच्या झाडाखाली कुणी बसायला आलं नाही. हंगाम संपला म्हणून, असं आई म्हणाली.

मी शिकले. प्राध्यापक झाले. त्या कादंबरीवर प्रबंध लिहिला आणि तीस वर्षं ती पोरांना शिकवली, आणि फितुरीचं प्रकरण दर वर्षी शिकवलं. गडचिरोलीकडची मुलं त्या ओळीला एकमेकांकडे बघून गालात हसायची, मला दिसायचं. मी फळ्याकडे वळून वीररस लिहायची. त्या मुलांना मी कधी विचारलं नाही, का हसता म्हणून. आता कुठे नव्या आवृत्तीसाठी प्रकाशकांनी माझ्याकडे प्रस्तावना मागितली, विदुषी म्हणून. कागद काढले, चष्मा लावला, आणि चार दिवस एक ओळ उमटेना. मग गेल्या वैशाखात गाडी केली आणि जानोच्या गावी गेले.

तिचं घर सापडायला वेळ लागला नाही. ओसरीवर ती आणि तिची नात तेंदूची पानं लावत बसल्या होत्या. केस पांढरे, दात तसेच. मला ओळखलं, पाणी दिलं, बस म्हणाली. मी बसले आणि वाटेत घोकून आणलेलं बोलायला लागले. माझं चुकलं जानो, तुझं कॉलेज मी नेलं, वगैरे. तिने हाताने थांबवलं. तिची बोटं मोजतच होती.

"कालेज नेलं तं नेलं," ती म्हणाली. "तुले बी पायजेच होतं थे. मी असती तं मीबी नेलं असतं." पुडक्याला दोरी आवळून तिने तो बाजूला ठेवला. "पन आपल्या सागाले तू पानं काऊन लावली वं? तुले तं ठाऊक होतं. त्या मास्तराले नसन, तुह्या बापाले नसन. तुले होतं. माही आजी मरेपर्यंत विचारे मले, थे पोरगी तं रोज सागाखालून जाये, तिले पानं कुठी दिसली?"

 एवढी पुस्तकं वाचली, पण त्यातलं एकही वाक्य कामाला येईना.

जानो उठली. कमरेवर हात ठेवून ओसरीच्या कडेला आली. समोर नाल्यापर्यंत साग उभा होता, बोडका, आणि खाली पानांचा थर घोट्याएवढा. "जाय," ती म्हणाली. "थ्या नाल्यालोक जाय. चूप चालून दाखव मले. तुह्या पुस्तकासारखं."

मी नाही म्हणू शकले असते. माझं वय, माझे गुडघे, माझं नाव. मी चपला काढल्या, मला वाटलं अनवाणी आवाज कमी होईल. पहिल्याच पावलाला पान असं करकरलं की नात दचकली. दुसऱ्या पावलाला शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं, पाचव्याला सगळ्या गावातली. मी टाचा उचलून चालले, पाय घासत चालले, झाडांना धरून चालले. एक पाऊल मुकं पडलं नाही. घराघरांतून माणसं दारात येऊन उभी राहिली, कोण आलं म्हणून बघायला. मागून जानो हसत होती, तिच्या आजीसारखीच, ठसका लागेपर्यंत.

"आलं वं माय," ती नातीला म्हणाली, "हिचं सैन्य आलं."

मी घामाघूम होऊन थांबले. नाल्याच्या अर्ध्या वाटेतच होते मी. मागे वळून पाहिलं, तर जानोचं हसणं थांबलेलं होतं आणि ती पुन्हा पानं मोजायला बसली होती.

"थांबू नको, कुंदा," तिने मान वर न करता सांगितलं. "किल्ला अजून लांब हाये."